आकडे कमी आले म्हणून वही बदलू नकोस

*ताई, मी मोहोळ तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये दहावीत शिकते. तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी मी ‘जैवइंधनांतील ऊर्जेची तुलना’ हा विषय घेतलाय. बीकरमध्ये १०० ग्रॅम पाणी घेऊन खाली एकेक इंधन जाळलं आणि पाणी किती तापलं ते मोजलं. स्पिरिटचं उत्तर ग्रॅममागे ११.९ किलोज्यूल आलं, मेणबत्तीचं १६.७, शेंगदाणा तेलाचं १३.९, करंज तेलाचं ९.३ आणि उसाच्या चिपाडाचं फक्त ३.१. पुस्तकात इथेनॉलचा (स्पिरिटमधल्या अल्कोहोलचा) आकडा २९.७ आहे, दुसऱ्या एका ठिकाणी २६.८ लिहिलाय. तेलांचा तर ३९-४०. माझे आकडे निम्मेसुद्धा नाहीत. सर म्हणाले, “परीक्षक हसतील. आपण वहीत थोडं जुळवून घेऊ, तक्त्यावर पुस्तकातले आकडे लाव.” सर चांगले आहेत, त्यांनीच मला हा विषय दिला. पण मला ते बरं वाटत नाही. त्यात आमचे अण्णा ऊस लावतात, आणि तेच म्हणतात की पेट्रोलमध्ये इथेनॉल घालायला लागल्यापासून गाडी ॲव्हरेज देत नाही, तुझा प्रयोग काय सांगतो ते बघ. मी काय करू?*
*— एक विद्यार्थिनी*

बाळ,

आधी तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर देते. वही बदलायची नाही. खोडायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही, पान फाडून नवं लिहायचं नाही. तू मोजलंस ते तू मोजलंस. ते आकडे आहेत तसे राहू देत. तुझ्या प्रकल्पात बघण्यासारखं जे काही आहे ते त्या कमी आलेल्या आकड्यांतच आहे.

पुस्तकातला २९.७ परीक्षकांना आधीपासून माहीत असतो. तो वाचायला ते तुझ्या टेबलापर्यंत येणार नाहीत. उलट, समोर उघडा बीकर, खाली स्पिरिटचा दिवा आणि तक्त्यावर २९.७ असं दिसलं, तर विषय जाणणारा माणूस पहिला प्रश्न हाच विचारेल की एवढी सगळी उष्णता पाण्यात गेलीच कशी? उघड्या ज्योतीवर ते शक्यच नाही. म्हणजे जुळवलेला आकडा हसू व्हायला जास्त सोपा आहे, आणि हे सरांना सांगण्यासारखं आहे. त्यांना शाळेच्या नावाची काळजी आहे, तुझी आहे. वाईट हेतू काही नाही. तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नकोस. शांतपणे म्हण, “सर, आपण तीन रकाने करू या. पहिल्यात माझं मोजमाप, दुसऱ्यात पुस्तकातली किंमत, तिसऱ्यात माझ्या साधनानं त्यातलं किती टक्के पकडलं. आणि बाकीचं कुठे गेलं, ते मी शोधून दाखवते.” असा प्रस्ताव कुठलेही विज्ञानाचे सर नाकारणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं. समजा नाकारलाच, तरी मूळ वही तुझ्याजवळ राहू दे आणि कुणी विचारलं तर खरं तेच सांग.

आता बाकीचं कुठे गेलं ते बघू.

तू स्पिरिटचं गणित पाठवलं नाहीस, पण ते कसं झालं असणार हे कळतंय. १०० ग्रॅम पाणी, २० अंशांची वाढ, गुणिले ४.१८ (एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला लागणारे ज्यूल), म्हणजे ८.३६ किलोज्यूल. दिव्याचं वजन ०.७ ग्रॅमने घटलं. भागाकार ११.९. बरोबर ना? यात तू फक्त पाण्यात गेलेली उष्णता धरलीस. पण पाणी तापलं तसा बीकरही तापला की! २५० मिलीचा बीकर साधारण १०० ग्रॅमचा धर. काचेचा तोच आकडा, म्हणजे विशिष्ट उष्माधारकता, ग्रॅमला दर अंशामागे ०.८४ ज्यूल. २० अंशांना ते झालं १.६८ किलोज्यूल. एवढं मिळवलंस की तुझा ११.९ चा आकडा लगेच १४.३ वर जातो. काहीही न जुळवता! तुझा बीकर काट्यावर ठेव, खरं वजन घे आणि हे पुन्हा कर. खालची तारेची जाळी आणि तिवई तापली ती वेगळीच.

पुढच्या वेळी बीकर घेऊच नकोस. काच उष्णता सावकाश आत सोडते. शाळेच्या कपाटात तांब्याचा कॅलरीमापी असेल, मिश्रणाच्या प्रयोगाला काढतात तो. लाकडी पेटीतून तेवढं भांडं बाहेर काढ. तेही नसेल तर थंड पेयाचा ॲल्युमिनियमचा रिकामा कॅन चालतो. त्याचं वजन जेमतेम १४-१५ ग्रॅम, म्हणून तो स्वतः फार उष्णता खात नाही. वरच्या कडेला दोन भोकं पाडून तारेने टांग. जाळी नको, ज्योत सरळ तळाला लागू दे.

मग वारा. वर्गात पंखा चालू होता का? आपल्याकडे तो बंद करायचा कुणाच्या डोक्यातही येत नाही. पंखा नसला तरी खिडकीतून येणारी झुळूक ज्योत बाजूला नेते आणि गरम हवा कॅनला न शिवता निघून जाते. घरात १५ किलोच्या तेलाचा पत्र्याचा रिकामा डबा असेल, तर वडिलांकडून त्याचं वरचं आणि खालचं झाकण कापून घे. पत्र्याच्या कडा हात कापतात, म्हणून ते काम तू करू नकोस. खालच्या बाजूला हवा आत यायला चार भोकं ठेवायची. या आडोशाने तुझा आकडा चांगलाच वर येईल. तो किती वर आला हेही लिही, कारण आडोशाविना आणि आडोशासह अशी दोन मोजमापं शेजारी शेजारी ठेवली की उष्णतेची वाट डोळ्यांना दिसते.

आणखी एक युक्ती आहे, काऊंट रमफर्डच्या नावाने ओळखली जाते. पाणी खोलीपेक्षा गरम झालं की ते उष्णता बाहेर टाकतं. खोलीपेक्षा थंड असलं की बाहेरून उष्णता घेतं. मग सुरुवातच थंड पाण्याने करायची! खोलीचं तापमान २८ असेल तर १८ पासून सुरू करून ३८ ला दिवा विझवायचा. पहिल्या अर्ध्यात जेवढं बाहेरून आलं, साधारण तेवढंच दुसऱ्या अर्ध्यात बाहेर गेलं. माठातलं पाणी खोलीपेक्षा काही अंश थंड असतंच, त्यात बर्फाचा एखादा खडा विरघळवून हवं ते तापमान साधता येईल. बर्फ पूर्ण विरघळल्यावरच पाण्याचं वजन घ्यायचं, हे मात्र विसरू नकोस. हा उपाय भांड्याच्या बाजूंनी जाणाऱ्या उष्णतेवर चालतो. ज्योतीची जी गरम हवा भांड्याला न लागताच वर निघून जाते, तिच्यावर नाही.

पण खरं सांगू? तुझ्या तुलनेला सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी चूक उष्णतेची नाहीच. ती काट्याची आहे.

शाळेचा काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवतो ना? तुझं ०.७ ग्रॅम स्पिरिट जळलं. दिवा आधी तोलला, नंतर तोलला. दोन्ही वेळी थोडी थोडी चूक. म्हणजे ते खरं तर ०.६ असू शकेल, ०.८ सुद्धा असू शकेल. ०.६ धरलं तर उत्तर १३.९ येतं, ०.८ धरलं तर १०.५. आता मेणबत्ती बघ. तुझ्या आकड्यावरून तिचं ०.५ ग्रॅम मेण जळलेलं दिसतंय. ते ०.६ असेल तर तिचंही उत्तर १३.९! म्हणजे स्पिरिट आणि मेणबत्ती यांत फरक आहे असं तुला ठामपणे म्हणताच येत नाही. तापमापीची अर्ध्या अंशाची चूक याच्यापुढे किरकोळ आहे.

उपाय दोन, आणि दोन्ही कर. पाणी २०० ग्रॅम घे आणि तापमान २५ अंशांनी चढव, म्हणजे जास्त इंधन जळेल आणि काट्याची तीच चूक तेवढी जड पडणार नाही. आणि तोलायला गावातल्या सराफाकडे जा. त्यांच्याकडे ०.०१ ग्रॅम किंवा त्याहूनही बारीक मोजणारा काटा असतो, आणि शाळेच्या प्रयोगासाठी म्हटलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही. मात्र भरलेला स्पिरिटचा दिवा घेऊन बाजारातून फिरायचं नाही. काटाच सरांच्या हस्ते तासाभरासाठी शाळेत आणता आला तर उत्तम. नाहीतर हल्ली खिशात मावणारे बॅटरीचे काटे मिळतात, तेही चालतील. दिवा विझवला की त्याच क्षणी टोपण घाल आणि टोपणासकटच तोल. स्पिरिट वातीवरून उडत राहतं. न जळता उडालेलं स्पिरिट तुझ्या हिशेबात ‘जळालं’ म्हणून धरलं जातं आणि उत्तर आणखी खाली येतं. प्रत्येक इंधन निदान तीनदा जाळ. तीन उत्तरांत जो फरक पडेल, त्यावरून तुझ्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे कळेल.

आता ते २९.७ आणि २६.८ चं कोडं. दोन्ही बरोबर आहेत. इथेनॉल जळलं की पाणी तयार होतं. एक ग्रॅम इथेनॉलमागे जवळजवळ १.१७ ग्रॅम. ज्योतीच्या उष्णतेत ते वाफ होऊन निघून जातं आणि जाताना आपली सुप्त उष्मा घेऊन जातं. ती वाफ पुन्हा थंड करून तिचीही उष्णता हिशेबात धरली तर २९.७, वाफ तशीच सोडून दिली तर २६.८. गाडीच्या धुराड्यातून वाफ निघूनच जाते, म्हणून इंजिनवाले धाकटा आकडा वापरतात. तू कॅनखाली दिवा लावलास की पहिल्या काही सेकंदांत थंड तळाकडे निरखून बघ. तिथे बारीक थेंब जमतात. वरून गळालं म्हणून पुसून टाकू नकोस, ते ज्वलनातून तयार झालेलं पाणी आहे. तक्त्यात सगळ्या इंधनांना थोरलाच आकडा घे, मग गफलत होणार नाही.

आणि तुझं स्पिरिट म्हणजे शुद्ध इथेनॉल नव्हे. बाटलीवर ९५ टक्के लिहिलेलं असेल तर ते आकारमानाने असतं. वजनाने इथेनॉल साधारण ९२ टक्के, बाकी पाणी. पाणी जळत नाही. तेव्हा तुझ्या स्पिरिटची पुस्तकी किंमत २७.४ च्या आसपास धर. त्यावर तुझा १४.३ म्हणजे ५२ टक्के झाले. ‘निम्मेसुद्धा नाहीत’ म्हणत होतीस ना?

मेणबत्ती तू घेतलीस ते फार छान केलंस. पॅराफिन मेण पेट्रोलियममधून येतं, म्हणजे जमिनीखालच्या इंधनाचा एक सुरक्षित नमुना तुझ्या यादीत आपोआप आला. त्याची किंमत ग्रॅममागे साधारण ४६ किलोज्यूल. पुस्तकाप्रमाणे मेण हे तुझ्या स्पिरिटच्या १.७ पट, तुझ्या मोजमापात १.४ पट. एवढ्या जाड काट्यावर हे वाईट नाही. शेंगदाणा तेल मात्र १.४ पटीच्या वर यायला हवं होतं, ते १.१७ आलं; आणि करंज तेल स्पिरिटच्याही खाली गेलं. बीकरची उष्णता मिळवली तर सगळेच आकडे सारख्या प्रमाणात वाढतील, हे गुणोत्तर तसंच राहील. आडोसा, जाळी, काच यांचा दोष सगळ्या इंधनांना जवळपास सारखा लागतो, पण तेलांना काहीतरी वेगळं लागलंय.

बीकरचा तळ आठव. करंज तेल जाळल्यावर तो काळाकुट्ट झाला असणार, बोट फिरवलं तर रेघ उमटेल इतका. ती काजळी म्हणजे न जळलेला कार्बन आहे. एक ग्रॅम कार्बन पूर्ण जळला तर जवळजवळ ३३ किलोज्यूल देतो. म्हणजे तळाला चिकटलेली आणि धुरातून वर गेलेली काजळी ही तुला न मिळालेली ऊर्जा आहे, डोळ्यांसमोर काळ्या रंगात. बारीक काटा मिळाला की कॅन आधी कोरडा तोल आणि प्रयोगानंतर पाणी ओतून, आतून पुसून, बाहेरच्या काजळीसकट पुन्हा तोल. तेवढी तरी मोजता येईल. हा रकाना तुझ्या तक्त्यात असला, तर परीक्षक तिथे थांबल्याशिवाय राहणार नाहीत.

काजळी करंजालाच का आणि स्पिरिटला का नाही? इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच बसलेला आहे, वजनाने जवळजवळ ३५ टक्के. शिवाय रेणू लहान, लगेच वाफ होणारा. ज्योत निळी आणि स्वच्छ. तेलाचे रेणू लांबलचक आणि ऑक्सिजन कमी, त्यामुळे साध्या वातीवर त्यांना पुरेशी हवा मिळत नाही. त्यात करंज तेल घट्ट, वातीतून सावकाश चढतं. वात जाड आणि उंच ठेवलीस तर धूरच होणार. समईला घालतो तशी बारीक कापसाची वात घे, टोक अगदी कमी बाहेर ठेव, म्हणजे ज्योत लहान आणि पिवळी-स्वच्छ येईल. ज्योतीचं टोक आणि भांड्याचा तळ यांतलं अंतर प्रत्येक इंधनाला सारखं ठेव. दिवा आणि तळ यांतलं नव्हे, कारण ज्योती कमी-जास्त उंचीच्या असतात.

याच ऑक्सिजनमुळे इथेनॉलमध्ये मुळात ऊर्जा कमी आहे, हेही इथेच लिहून टाक. इथेन वायू घे: दोन कार्बन, सहा हायड्रोजन. एक ग्रॅम जाळला तर जवळजवळ ५२ किलोज्यूल. त्यात ऑक्सिजनचा एकच अणू घातला की इथेनॉल होतं, आणि आकडा २९.७ वर येतो. कार्बनी संयुगांच्या धड्यात तुम्ही दोन्ही रेणू काढता. त्या आकृत्यांखाली हे दोन आकडे लिहिले की झालं.

आणखी एक दुरुस्ती. तू पाठवलेल्या तक्त्याच्या फोटोत करंज तेलापुढे ‘बायोडिझेल’ लिहिलंयस. ते खोड. बियांतून निघालेलं तेल हे नुसतं तेल असतं. मिथेनॉल आणि सोडियम हायड्रॉक्साइडसारखा अल्कली वापरून त्याची रासायनिक प्रक्रिया केली, ग्लिसरीन बाजूला काढलं, की जे पातळ द्रव उरतं ते बायोडिझेल. ते घरी करायला जाऊ नकोस. मिथेनॉल विषारी आहे, कातडीतूनही आत जातं, आणि त्याची ज्योत उजेडात दिसतही नाही. तुझ्या तक्त्यात ‘करंज तेल (कच्चे)’ एवढंच पुरे आहे, आणि ते खरं आहे.

चिपाडाचा ३.१ मला सगळ्यात आवडला. कारखान्याच्या चरकातून रस काढून बाहेर पडलेल्या चिपाडात वजनाने निम्मं पाणीच असतं. पूर्ण वाळलेलं चिपाड ग्रॅममागे १९ किलोज्यूलच्या आसपास देतं. ओलं जाळलं तर हाती लागतात साडेसात. निम्मं पाणी म्हणून निम्मे झाले, आणि वरून त्या पाण्याची वाफ करायला आणखी गेले. तू ते किती वाळवलं होतंस? एक मूठ चिपाड तोल, दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेव, रोज संध्याकाळी तोल, वजन घटायचं थांबलं की थांब. सोलापूरच्या उन्हासारखी भट्टी दुसरी नाही. मग ओलं आणि वाळलेलं, दोन्ही जाळून बघ. सुटं चिपाड भुरकन पेटून लगेच विझतं, म्हणून वाळल्यावर दाबून तारेच्या बारीक टोपलीत घट्ट बसव. तरी खूपशी उष्णता वाया जाईलच. उरलेला कोळसा आणि राख तोलून लिही.

इथेच अण्णांच्या कामाचं एक गणित सांगते, कारण तुझ्या घरचाच माल आहे. एक टन ऊस गाळला की साधारण २८० किलो ओलं चिपाड निघतं. किलोमागे साडेसात मेगाज्यूल धरले तर २,१०० मेगाज्यूल. त्याच टनातून शेवटची मळी (साखर काढून उरलेला काळा, घट्ट पाक) निघते सुमारे ४५ किलो, आणि तिच्यापासून इथेनॉल होतं १० लिटरच्या आसपास. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये २१ मेगाज्यूल. म्हणजे एकूण २१०. ज्या चिपाडाकडे आपण ढुंकून बघत नाही त्यात मळीच्या इथेनॉलच्या दहापट ऊर्जा! आपल्या जिल्ह्यातले कारखाने याच चिपाडावर बॉयलर पेटवतात आणि त्यांतले कितीतरी वीजही करतात. रसापासून थेट इथेनॉल केलं तर टनाला ७० लिटरपर्यंत जातं, पण मग त्या रसाची साखर होत नाही. चिपाड गाडीच्या टाकीत घालता येत नाही, इथेनॉल घालता येतं. सगळा फरक त्यातच आहे. हे गणित तक्त्याच्या मधोमध मोठ्या अक्षरांत लाव. सोलापूर जिल्ह्यातल्या प्रदर्शनात याहून जवळचा विषय नाही.

पुस्तकातले आकडे येतात ते बाँब कॅलरीमापीतून. जाड पोलादी बंद भांडं, आत २५-३० वातावरण दाबाचा ऑक्सिजन, विजेच्या तारेने ठिणगी, बाहेर पाणी. ज्योतीला पळायला वाटच नाही, काजळी उरत नाही, वाफही आतच थंड होते. इंधनावरच काम करणाऱ्या प्रयोगशाळांत तो असतो, अभियांत्रिकी महाविद्यालयांतही पुष्कळदा असतो. सोलापुरातल्या एखाद्या महाविद्यालयाला शाळेच्या लेटरहेडवर सरांनी पत्र दिलं आणि तुझं वाळलेलं चिपाड नि करंज तेल त्यांनी मोजून दिलं, तर तुझ्या तक्त्याला चौथा रकाना मिळेल. नाही जमलं तरी अडत नाही.

सुरक्षेचं मी सर्वांत कडक सांगते. पेट्रोल जाळायचं नाही. तुलनेला हवं म्हणून, थोडंसंच म्हणून, अण्णांच्या गाडीतून काढलेलं म्हणून, कशासाठीही नाही. पेट्रोलचा आकडा पुस्तकातूनच घे आणि ‘पुस्तकातून’ असं लिही. स्पिरिटही साधं समजू नकोस. त्याची वाफ १६-१७ अंशांनाच पेट घ्यायला तयार असते, आणि आपल्याकडे दुपारी पौषातही पारा त्याच्या वरच. पेटत्या किंवा गरम दिव्यात स्पिरिट ओतायचं नाही. उन्हाच्या कवडशात त्याची ज्योत नीट दिसत नाही, म्हणून दिवा विझलाय असं गृहीत धरून हात घालायचा नाही. बाटली दुसऱ्या टेबलावर, टोपण लावून. ओढणी बांधलेली, वेणी मागे, वाळूची बादली जवळ, आणि सर खोलीत. तेल पेटलं तर पाणी टाकायचं नाही, वरून झाकण ठेवायचं. प्रदर्शनात ज्योत पेटवायला परवानगी नसेल तर हट्ट धरू नकोस. काळा झालेला कॅन, तारेची टोपली आणि मूळ वही टेबलावर मांड.

आता अण्णांचा प्रश्न. तुझा प्रयोग ग्रॅममध्ये बोलतो, अण्णा लिटरमध्ये विचारतात. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल, इथेनॉलच्या लिटरमध्ये २१. पाच भागांत एक भाग इथेनॉल घातलं, म्हणजे ई-२० झालं, तर लिटरला २९.८. म्हणजे ऊर्जा ७ टक्क्यांच्या आसपास घटली. अण्णा म्हणतात त्यात तथ्य आहे, त्यांना तसं सांग. पण ॲव्हरेज नेमकं तेवढंच घटतं असं नाही. इथेनॉलचा ऑक्टेन (इंजिनात दाबाखाली अवेळी न पेटण्याचा गुण) जास्त असतो, आणि त्याच्यासाठी बनवलेलं इंजिन त्याचा फायदा उठवून थोडी भरपाई करतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६-७ टक्के, दुचाकींसाठी ३-४ टक्के, आणि ई-२० च्या तयारीने बनवलेल्या चारचाकींसाठी १-२ टक्के घट सांगितली आहे. गाडी ६० चं ॲव्हरेज देत असेल तर ३-४ टक्के म्हणजे दोन-अडीच किलोमीटर. अण्णांची गाडी पूर्वीपेक्षा दहा-पंधरा किलोमीटरने कमी चालत असेल, तर ते सगळं इथेनॉलच्या माथी मारता येणार नाही. चेन, टायरची हवा, एअर फिल्टर बघायला लाव.

हेही त्यांना सांग की २०१३-१४ मध्ये देशात पेट्रोलमध्ये दीड टक्का इथेनॉल होतं, २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेलं. आणि त्यात तुमच्यासारख्यांच्या उसाचाही वाटा आहे. लिटरमागे दोन-अडीच किलोमीटर जातात आणि कारखान्याला साखरेखेरीज दुसरं गिऱ्हाईक मिळतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि त्यातलं जड काय हे घराघराच्या हिशेबावर ठरेल. माझं मत विचारशील तर पंपावर टक्केवारी ठळक लिहिलेली असावी आणि जुन्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाचा पर्याय मिळावा.

अण्णांना मोजायचंच असेल तर रीत सोपी आहे. टाकी काठोकाठ भरायची, मीटरचा आकडा लिहायचा, नेहमीसारखी गाडी चालवायची. अर्ध्याच्या खाली काटा आला की त्याच पंपावर, त्याच नळीवर, पुन्हा तेवढीच काठोकाठ भरायची. मीटरच्या फरकाला त्या दुसऱ्या भरण्याच्या लिटरांनी भागायचं. असं चार-पाच भरण्यांना करून सरासरी काढायची, कारण एकाच भरण्यात तुझ्या ०.१ ग्रॅमच्या काट्याइतकीच चूक होऊ शकते. हिशेब तू लिही, गाडी त्यांना चालवू दे.

— तुझी ताई